काळी पट्टी, करडी पट्टी

त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग कामाच्या वेळी तर असेच, पण जेवतानाही ते काढायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. "भाजीत काय शोधतोस एवढं? कालचीच आहे. तारीख मी सांगते," असं त्यांची ताई म्हणे. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, आणि भावाची फिरकी घ्यायची एकही संधी वाया न घालवणारी. दोघंही एकटी, म्हणून एकत्र राहत. खाली दुकान, वर दोन खोल्या.

धंदा तसा गिटारी दुरुस्त करण्याचा. पण भिंगवाल्यांचं नाव झालं ते निराळ्याच गोष्टीसाठी. जुन्या इलेक्ट्रिक बास गिटारीतला पिकअप मूळचा आहे की मागाहून कुणी घातलेला, आणि मूळचा असेल तर कोणत्या साली, कोणत्या महिन्यात बनलेला, हे ते सांगत. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली ती काळी डबी. ह्या जातीच्या बासमध्ये ती दोन अर्ध्या भागांत असते, जुळ्या भावांसारखी शेजारी शेजारी. प्रत्येक अर्ध्यात चार लोहचुंबक, त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि तळाशी फायबरची एक पातळ पट्टी. वरची तार थरथरली की ह्या डबीला कळतं आणि ती ते स्पीकरकडे पोचवते. बासचा आवाज लाकडात थोडा असतो आणि पिकअपमध्ये फार. पिकअप मूळचा असेल तर वाद्याला मान, नाहीतर ते नुसतंच वयस्कर लाकूड.

भिंगवाले वाद्य उघडत आणि वाचायला लागत. तारेवरचा लेप तांबूस की सोनेरी, वेढ्यांवरचं मेण किती पिवळं पडलंय, पट्टीच्या खाली पेन्सिलीने तारीख आहे का, वेढे घालणाऱ्या बाईने आपल्या नावाची आद्याक्षरं कुठे टाकलीत. सगळ्यात शेवटी सोल्डर, म्हणजे तारांचे जोड पक्के करणारं वितळवलेलं कथील. कारखान्यात एकदाच लावलेलं सोल्डर इतक्या वर्षांनी राखेसारखं मंद दिसतं. पुन्हा कुणी गरम केलं असेल तर ते चमकून चहाडी करतं. ह्या सगळ्याचं त्यांनी एक एकपानी कोष्टक केलं होतं. नऊ वर्षं खपून, त्रेसष्ट बास उघडून. त्यातली प्रसिद्ध ओळ अशी: एका कारखान्यात एका ठराविक सालच्या मेअखेरपर्यंत पट्ट्या काळ्या, जूनपासून करड्या. कोष्टकाची झेरॉक्स गावातल्या झाडून सगळ्या वाद्यांच्या दुकानांत भिंतीला लागली. भिंगवाले म्हणतील ते ब्रह्मवाक्य. आणि माणसाला एकदा ब्रह्मवाक्यं बोलायची सवय लागली की साधं वाक्य त्याच्या तोंडून निघायला त्रास होतो, हे काही भिंगवाल्यांच्याच बाबतीत खरं आहे असं नाही.

एका मंगळवारी सकाळी एका शाळेच्या संगीतशिक्षिका एक बास घेऊन आल्या. शाळेचं भांडारघर रिकामं करताना ती सापडली होती. शाळेने नवी घेतली, शिकवणारे मास्तर दोन महिन्यांत नोकरी सोडून गेले, आणि तेव्हापासून ती पेटीतच होती. पावती, त्याच कारखान्याचं पत्रक, तारांचं न फोडलेलं पाकीट, सगळं शाबूत. स्क्रूच्या डोक्यांवर स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडासुद्धा नव्हता. अशी अस्पर्श बास भिंगवाल्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. बाईंना दुपारी या म्हणून त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, ताईला वरून चहा पाठवू नकोस म्हणाले, आणि हात धुवून कामाला बसले.

बासच्या मानेच्या टोकाला पेन्सिलीने लिहिलं होतं: त्याच सालचा एप्रिल. त्यांनी पिकअपचे दोन्ही अर्धे भाग उचलून उलटे केले. एकाची पट्टी काळी होती. दुसऱ्याची करडी.

ते हसले. काहीतरी गफलत असणार. त्यांनी दिवा जवळ ओढला. दोन्ही पट्ट्यांवर एप्रिलचीच तारीख, त्याच वळणाची तीच दोन अक्षरं. दोन्ही भागांना जोडणारी तार एकाच रिळाची. सोल्डर राखेसारखं मंद, कुणाचाही हात न लागलेलं. म्हणजे कारखान्यातल्या त्या बाईने एप्रिलमध्ये, एकाच बैठकीत, समोरच्या खोक्यातून हाताला येतील तशा पट्ट्या उचलल्या होत्या. तिला कुठे ठाऊक की पुढे कुणी भिंगवाला जन्माला येईल आणि काळ्या-करड्याचं शास्त्र करून ठेवील!

मग त्यांनी दोन्ही भाग खाली ठेवले. कारण अशी जोडी त्यांनी ह्याआधी एकदा पाहिली होती.

उठून त्यांनी कपाट उघडलं आणि अकरा वर्षांपूर्वीची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. आपली लाज कुठे ठेवली आहे हे माणसाला बरोबर ठाऊक असतं. "बास त्याच सालची, मार्च. एक काळी, एक करडी." त्याखाली त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती: "सोल्डर हललेलं दिसत नाही?" आणि त्या ओळीवर त्यांच्याच पेनाची आडवी रेघ. शेवटी शेरा: "करडा भाग मागाहून बदललेला."

ती बास रेडिओ केंद्रातल्या एका वादकाची. सव्वीस वर्षं तिथल्या वाद्यवृंदात त्यांनी ती वाजवली. ते गेल्यावर केंद्राने ठरवलं की प्रवेशदालनात एक काचेचं कपाट करायचं आणि जुन्या वादकांची वाद्यं त्यात मांडायची. अट एकच, वाद्याचे सगळे भाग मूळचे हवेत, तसा जाणकाराचा कागद हवा. म्हणून त्यांची लेक आणि जावई बास घेऊन दुकानात आले होते. लेक दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढायची, जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. वडील गेल्यापासून चार वर्षं बास जावयाकडे होती. शनिवार-रविवारी तो ती हॉलमधल्या कार्यक्रमांत वाजवायचा, सासऱ्यांनीच शिकवलं होतं.

भिंगवाल्यांनी निकाल सांगितला. लेकीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. आणि भिंगवाल्यांच्या जिभेला त्या दिवशी हाड नव्हतं. ते म्हणाले, "वहिनी, असल्या चोऱ्या करायला बाहेरचा कोण येतोय? कुंपणच शेत खातं!"

चौघंही हसली. जावई लाल झाला, "मी हात लावलेला नाही," एवढंच म्हणाला. तेही कुणाला धड ऐकू गेलं नाही.

आता वही समोर धरून भिंगवाले स्वतःशी खोटं बोलायला धडपडले. तेव्हा माहितीच तेवढी होती. चूक कुणाची होत नाही? पण ती आडवी रेघ होती ना! त्याच महिन्यात त्यांचं कोष्टक वाद्यवाल्यांच्या मासिकात छापून आलं होतं. शनिवारी व्याख्यान होतं, त्याच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. समोर सोल्डर सांगत होतं की हे दोन्ही भाग जन्मापासून एकत्र आहेत, आणि कोष्टक सांगत होतं की हे शक्य नाही. सोल्डर खरं मानलं असतं तर कोष्टक फाडावं लागलं असतं. त्यांनी सोल्डरवर रेघ मारली. न दिसणं वेगळं. त्यांना दिसलं होतं. दिसूनही त्यांनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि इथे तर चोर मुळात नव्हताच. ते मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुपारी बाई आल्या तेव्हा "सगळं मूळचं आहे" एवढं त्यांच्या पायांकडे बघून सांगितलं आणि बास परत दिली.

पुढचे तीन दिवस ते जेवले ते केवळ ताई समोर बसायची म्हणून. चौथ्या दिवशी त्यांनी कोष्टक नव्याने लिहायला घेतलं. ती प्रसिद्ध ओळ तशीच ठेवली आणि पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरात, लिहिलं: "क्वचित काही वाद्यांत दोन्ही रंगांच्या पट्ट्या एकत्र आढळतात." बस. कुणी विचारलंच तर दाखवायला झालं.

ताईने कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला, मग सरळ भावाच्या कपाळावरचं भिंग ओढून घेतलं. "हे काय रे? मुंगीने लिहिलंय का?"

"सुधारणा आहे."

"सुधारणा अशी तोंड लपवून बसत नाही. काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. शाळेची बास, ती जुनी बास, लेक, जावई, दुकानातलं ते वाक्यही सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही. रेघेचं मात्र ताईलाही सांगितलं नाही. कोष्टकच चुकीचं निघालं, असं म्हणाले.

ताई ह्या वेळी हसली नाही. "कोष्टकाला तळटीप लावलीस," ती म्हणाली. "त्या माणसाला काय लावणार आहेस?"

रविवारी चार वाजता भिंगवाले त्या पत्त्यावर गेले. वहीत पत्ता होताच. तिसरा मजला. इमारतीतली लिफ्ट सुरळीत चालू होती, पण ते जिन्याने गेले, म्हणजे तेवढाच वेळ लांबतो. प्रत्येक वळणावर थांबून ते एक वाक्य घोटत होते: "त्या काळी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार." वाक्य चांगलं होतं. कुठे पकडता येणार नाही असं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना त्या वाक्याची किळस यायला लागली, तरी दुसरं काही सुचलं नाही.

दार लेकीनेच उघडलं. आधी ओळखलं नाही. मग कपाळावर भिंगाच्या पट्ट्याचा वळ दिसला असावा. "अहो, ते गिटारवाले आलेत," ती आत वळून म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम जपून बोलल्यासारखा झाला. घरातल्या जुन्या आजाराचं नाव काढताना होतो तसा.

जावई खाली सतरंजीवर बसून टेबल-पंख्याची जाळी पुसत होता. केस पिकले होते. त्याने मान हलवली, खुर्ची पुढे सरकवली, आणि पुन्हा जाळी पुसायला लागला. पाण्याचा पेला आला. भिंगवाल्यांनी तो हातात धरून ठेवला.

"मी जे सांगितलं होतं, ते चूक होतं," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या बासमधले दोन्ही भाग मूळचेच आहेत. कोणी काही बदललेलं नाही. माझं कोष्टक चुकलं. त्या काळी उपलब्ध असलेल्या..."

लेक त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर नवऱ्याच्या हातातल्या फडक्यावर होती. ते थांबलं होतं.

"पण ह्यांनी कबूल केलं होतं," ती म्हणाली.

भिंगवाल्यांना अर्थच लागेना. "काय कबूल केलं होतं?"

"की विकला म्हणून. अर्धा भाग काढून विकला आणि दुसरा आणून बसवला. चार महिन्यांनी सांगितलं मला. इथेच बसून सांगितलं." तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्ही विकला नव्हता?"

"नाही."

"मग हो का म्हणालात?"

जावयाने फडकं घडी करून बाजूला ठेवलं. उत्तर द्यायची घाई नव्हती; अकरा वर्षांत ते पाठ झालं असावं. "तू रोज विचारायचीस. जेवताना, झोपताना. बाबांचा काचेच्या कपाटातला मान गेला म्हणून रडायचीस. मी नाही म्हटलं की तू तो कागद आणून समोर ठेवायचीस. एवढा मोठा माणूस खोटं कशाला लिहील, म्हणायचीस. मलाही वाटायला लागलं, खरंच कशाला लिहील? कार्यक्रमांत वाद्यं इकडची तिकडे व्हायची, तेव्हा कुणी केलं असेल का, असंसुद्धा वाटायला लागलं. मग एक दिवस म्हटलं हो. त्या दिवशी तू शांत झोपलीस."

"आणि तो लाल स्कूटरवाला?"

"तू विचारलंस कुणाला विकला. काहीतरी सांगायला हवं होतं."

लेक मटकन खुर्चीत बसली. "मी अजून लाल स्कूटर दिसली की वळून बघते," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगितलंय मी. भावाला, मावशीला. चुकलं त्यांचं, पण मी माफ केलं, म्हणून. सगळे म्हणायचे किती मोठं मन तुझं. मग इतकी वर्षं मी तुम्हाला माफी कशाची देत होते?"

भिंगवाल्यांना वाटलं, धरणीने आत्ता पोटात घेतलं तर बरं. आपल्या एका कागदाने घरातला माणूस स्वतःच्याच घरात चोर होऊन राहिला, आणि तेही आपल्या हाताने गुन्हा ओढून घेऊन. त्यांनी बासबद्दल विचारलं, ते विचारायचं म्हणून. कपाटावर आहे, लेक म्हणाली. कबुली दिल्यापासून ह्यांनी वाजवली नाही. मीच म्हटलं होतं की बाबांच्या वस्तूला आता हात लावू नका.

मग तिने डोळे पुसले, आणि भिंगवाल्यांना सगळ्यात जास्त भीती ज्याची वाटायला हवी होती ते केलं. ती त्यांना समजावायला लागली.

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता? आपणहून इथवर आलात, कोण येतं आजकाल? तुमची काय चूक? तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही लिहिलंत. तेव्हा दुसरं काही ठाऊकच नव्हतं तुम्हाला. चूक माझी आहे. बाहेरच्या माणसाचा कागद मी खरा धरला आणि घरातल्या माणसाचा शब्द खोटा."

दार तिथे उघडंच होतं. मान डोलवायची, पाणी प्यायचं, नमस्कार करून उतरायचं. तिने आपणहून सगळं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. तिच्या हिशेबी भिंगवाले निर्दोष होते, वर प्रामाणिकही. ताईला हेच सांगता आलं असतं. ते खरोखरच अर्धा पेला पाणी प्यायले. आणि त्या अर्ध्या पेल्याएवढ्या वेळात त्यांना कळलं की आपण गप्प बसलो तर ही बाई उरलेला जन्म तेच करणार आहे जे तिच्या नवऱ्याने केलं. न केलेल्याचा दोष घेऊन जगणं.

"वहिनी, मला दिसलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"आतलं सोल्डर. ते कुणी हलवलेलं नव्हतं. म्हणजे दोन्ही भाग कारखान्यातूनच एकत्र आले होते. मी ते तेव्हाच पाहिलं. वहीत लिहिलं आणि नंतर खोडलं. माझं कोष्टक नुकतंच छापून आलं होतं, व्याख्यान होतं. ते खोटं पडलं असतं." त्यांचा आवाज इतका खाली गेला की लेकीला पुढे वाकावं लागलं. "मी चुकलो नव्हतो. मला ठाऊक होतं. आणि वर चार माणसांत ते कुंपणाचं बोललो. तुम्ही ह्यांच्याकडे पाहिलंत तेही मला दिसलं होतं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची मघाची माया हळूहळू जात गेली आणि भिंगवाल्यांना ती जाताना पाहावी लागली. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. तिने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला, आत नेऊन ठेवला आणि परत येऊन नवऱ्याजवळ, खाली सतरंजीवर बसली.

"ज्या दुकानांत कोष्टक लागलंय तिथे मी स्वतः जाऊन सांगतो," भिंगवाले म्हणाले. "रेडिओ केंद्रालाही लिहितो. नवा कागद देतो."

"कागद नको," जावई म्हणाला. त्या दुपारी पहिल्यांदाच त्याने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. रागाने नाही. पाहून मग बायकोकडे वळला. ती त्याच्या हातावर हात ठेवावा की नाही अशा विचारात बसली होती आणि तिला ते धाडस होत नव्हतं.

भिंगवाले अजून बसले होते. काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून बसले होते, हे त्यांचं त्यांनाच उमगलं आणि कानशिलं तापली.

"आता तुम्ही जा," जावई म्हणाला. "आम्हा दोघांना बोलायचंय."